धाकलूच्या हातातला दोर

धाकलू ठाकराची ओळख करून द्यायची तर मारामारीपासूनच सुरुवात करावी लागते. बदलापूरहून चंदेरीच्या डोंगराकडे निघालं की दीड-दोन तासांवर त्याची वाडी. वाटेत कुणालाही त्याचं घर विचारा, आधी त्याने कुणाचा हात मोडला ते ऐकावं लागे आणि मग घर. बुटका, छातीने रुंद, डावा कान अर्धा गेलेला. तो कान रानडुकराने नेला होता. डुक्कर त्याच्या कुत्रीच्या पिल्लांवर चालून आलं, याने कुऱ्हाड घातली, कुऱ्हाडीचा दांडा तुटला, तर पठ्ठ्याने दगडाने त्या डुकराचं डोकं ठेचलं. कान गेल्याचं त्याला घरी पोचल्यावर कळलं म्हणे. हे तो स्वतः कधी सांगत नसे. लोक सांगत आणि सांगताना तोंडाला चव आल्यासारखे दिसत.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी लोक येऊन भरले. उल्हासनगर हे नाव तेव्हा नुकतंच पडलं होतं. आम्ही कॅम्पच म्हणायचो. एवढ्या चुली पेटायच्या तर लाकूड हवं, म्हणून वाडीवरचे ठाकर मोळ्या घेऊन तिकडे जात. धाकलूही जाई. एका वखारवाल्याच्या माणसाने मोळीतली चार लाकडं बाजूला सारून "ही ओली आहेत" म्हटलं, तर त्यातलंच एक धाकलूने त्याच्या खांद्यावर हाणलं आणि वाजलं कसं ते ऐकवलं. ओलं लाकूड असं वाजत नाही. दुसऱ्या दिवशी तो त्याच वखारीत मोळी घेऊन हजर, आणि त्या माणसाने मुकाट्याने घेतलीही. कॅम्पातून त्याने एक शब्द मात्र उचलला होता, 'साईं'. आम्हा पांढरपेशांना तो साईंच म्हणे. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याचं खरं वैर होतं बहिणीच्या नवऱ्याशी. बहीण येसू, नवरा सुकऱ्या. सुकऱ्या त्या भागातला नंबर एकचा मधकाढ्या. कड्याला लोंबणारी आग्या मोहोळं तो दोरावरून उतरून काढी. वारा आला की माणूस झोपाळ्यासारखा हलतो, खाली तीन-चारशे फूट काही नाही. असला धाडसी माणूस घरी मात्र दारू पिऊन बायकोला मारी. एकदा त्याने मुसळ घालून येसूचं मनगट मोडलं. धाकलूने त्याला घरातून पाय धरून ओढला, खळ्यावर आणला आणि अख्ख्या वाडीसमोर त्याचे दोन दात पाडले. चार दिवसांनी सुकऱ्याने पाठीमागून येऊन धाकलूच्या मांडीवर कोयता चालवला. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलत नसत.

तरीही दर हंगामात सुकऱ्या कड्यावरून उतरला की वरती त्याचा दोर धाकलूच्याच हातात असे.

त्या वाडीची रीतच तशी होती. कड्यावर उतरणाऱ्याचा दोर सख्खा भाऊ धरत नाही. भावाला घर मिळतं, जमिनीचा तुकडा मिळतो, मन कधी फिरेल सांगता येत नाही. दोस्ताचाही भरवसा नाही. दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. नवऱ्याशी त्याचं पटो न पटो, आपल्या बहिणीचं कुंकू तो पुसणार नाही. वाडीवर पिढ्यान् पिढ्या एवढ्याच हिशोबावर माणसं कड्याला लोंबत आली होती.

मला हे ठाऊक व्हायचं कारण आमचे भाऊजी. विष्णुपंत टिपणीस, माझ्या थोरल्या बहिणीचे, कुमुदिनीताईचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरचे अधिकारी. राहायला शिवमंदिराच्या रस्त्याला. माणूस सज्जन, पण हौशी, आणि हौशी माणसाच्या सज्जनपणाचा घरच्यांना फारसा उपयोग नसतो. त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड होतं. कॅम्पातल्या जयदेव नावाच्या सिंध्याकडून त्यांनी एक जुना जर्मन कॅमेरा घेतला होता, तो ते तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन बसत. बगळे झाले, खंड्या झाला, धनेश झाला. मग एके दिवशी चंदेरीच्या कड्यावर त्यांना शाहीन ससाणा दिसला आणि आमच्या ताईच्या घरात सवत आली.

शाहीन म्हणजे वाडीवरच्या भाषेत बहिरी. पाठ काळी, पोट विटकरी, कावळ्याएवढा जीव, पण आकाशातून पंख मिटून पडतो तेव्हा दगड पडल्याचा भास होतो. भाऊजींनी तीन वर्षं त्याचा पाठलाग केला. तीन वर्षांत फोटो किती? सतरा. प्रत्येकात पांढरं आकाश आणि मधे एक ठिपका. मी म्हणायचो, "भाऊजी, काचेवर मुंगी बसली होती का?" ते रागावत नसत. म्हणत, "अनंतराव, जवळ गेल्याशिवाय तो येणार नाही. दहा फुटांवर जायला हवं."

चोपन्न साली होळी झाल्यावर त्यांना खबर मिळाली की बहिरीने कड्याच्या कपारीत घरटं केलंय आणि कपारीच्या बाजूलाच माणूस बसेल एवढी एक पायरी आहे. खबर आणली सुकऱ्याने. तो स्वतः भाऊजींना तिथे उतरवणार होता. बदल्यात भाऊजी त्याला कारखान्यात पहारेकरी म्हणून लावणार होते. भाऊजींच्या ओट्यावर बसून हे बोलणं चाललं होतं, मी कुळगावच्या शाळेतून सुट्टीला आलो होतो.

"पन एक सांगतो," सुकऱ्या म्हणाला, "त्या आंगाला मोहोल हाय. आमी दिवसाचे तिकडं जात नाय. तुमी हालायचं नाय, बोलायचं नाय."

"मी दगडासारखा बसेन," भाऊजी म्हणाले.

"आनि दोर तुमच्या बायकूच्या भावानं धरायचा. दुसऱ्याच्या हातात दोर दिला तर मी नाय नेनार."

रीत ऐकून भाऊजी एकदम खूश झाले. माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "झालं तर! आमचे मेहुणे बसलेत ना इथे. शाळामास्तर आहेत, पोरांचे कान पिळून पिळून हात चांगले घट्ट झालेत."

मी हसलो. ताई चहा घेऊन आली होती, ती हसली नाही. कप माझ्या हातात देताना तिने तो क्षणभर तसाच धरून ठेवला. "अनंता, नीट धरशील ना?"

"ताई, म्हणजे काय! मी सोडेन होय?"

हे वाक्य मी किती सहज बोललो होतो. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा खळ्यावर गर्दी होती. येसू एका बाजूला उभी. तिचा एक डोळा सुजून बंद झालेला, ओठ फाटलेला. रात्री सुकऱ्याने तिच्यावर हात चालवला होता. आणि मधोमध सुकऱ्या जमिनीवर उताणा, त्याच्या छातीवर धाकलू, धाकलूचे दोन्ही अंगठे त्याच्या नरड्यावर. सुकऱ्याचे पाय माती उकरत होते. चार बाप्यांनी धाकलूला मागे ओढलं. सुटल्या सुटल्या सुकऱ्याने दगड उचलून फेकला, तो धाकलूच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून डोळ्यात आलं. धाकलूने ते मनगटाने पुसलं आणि परत झेपावला. त्याची आई, जिवली म्हातारी, मधे आडवी पडली म्हणून थांबला.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, "आज राहू दे. पुन्हा केव्हातरी येऊ."

खरं म्हणजे तेव्हाच घरी जायला हवं होतं. पण सुकऱ्या उठला, धोतर झटकलं, आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "चला. ऊन चढल." आणि धाकलूने खुंटीवरची दोराची गुंडाळी उचलून खांद्यावर टाकली.

चढताना मी धाकलूच्या मागे होतो. त्याच्या भुवईवर रक्त वाळून काळं पडलं होतं. मला राहवेना. विचारलं, "अरे, आत्ता तू त्याचा जीव घेत होतास. आणि आता त्याचाच दोर धरणार?"

तो मागे न बघता म्हणाला, "दोर त्याचा नाय, साईं. येसूचा हाय. त्याला वर घेतो, मंग बगतो त्याच्याकडं."

कड्याच्या माथ्यावर पायरीचं, म्हणजे पिंपळाच्या जातीचं एक जुनं झाड आहे, मुळं कातळात रुतलेली. त्याच्या बुंध्याला दोराचा एक वेढा घालायचा, पुढचं टोक उतरणाऱ्याच्या कमरेला आणि मागचं आपल्या कमरेमागून घेऊन हातात. पाय मुळाला टेकवून मागे झुकायचं. धाकलूने मला तसं बसवलं, माझी बोटं दोरावर एकेक करून आवळली. म्हणाला, "नाक खाजलं तरी हात काडायचा नाय. हात काडला का वेढा ढिला होतो, मंग दोर धावतो."

आधी सुकऱ्या उतरला, मग भाऊजी. टोपीवरून घोंगडी, गळ्यात कॅमेरा. पायरीवर पोचल्यावर ठरल्याप्रमाणे दोराला दोन हिसके आले. सुकऱ्या त्यांच्या शेजारी, एक पाय पायरीवर आणि एक हवेत. आम्ही वर दोन हातांच्या अंतरावर, आपापला दोर धरून. मान लांब केली की मला खालची कपार दिसत होती. कपारीत तीन पांढरी पिल्लं आणि त्यांची आई.

तासभर काही नाही. मग नर आला. एक पोपट कड्यासमोरून ओरडत चालला होता, त्याच्यावर तो वरून पडला. फट् असा आवाज झाला आणि हिरवी पिसं हवेत उधळली. पोपट अजून जिवंत होता, पाय झाडत होता. मादीने तो हवेतल्या हवेत नराच्या पंजातून काढून घेतला, कपारीत आणला, मान चावून तोडली आणि पोट फाडलं. पिल्लं एकमेकांना चिरडत पुढे घुसली. एकाच्या तोंडात आतडं, दुसऱ्याने त्याचं दुसरं टोक धरलेलं. मी चौथीच्या पोरांना पोपटाची कविता शिकवायचो. खालून कॅमेऱ्याची बारीक टकटक ऐकू येत होती.

मग उजवीकडून एक मोठी घार आली. ही मोहोळं खाणारी जात, भाऊजी तिला मधुबाज म्हणत. तिला घरट्याशी काही देणंघेणं नव्हतं. कपारीपलीकडे पन्नास-साठ फुटांवर सुपाएवढं मोहोळ लोंबत होतं, ती सरळ त्याच्यावर जाऊन आदळली आणि पंजांनी पोळं तोडू लागली. पण ससाण्याच्या जोडीला घराजवळ घार कशी खपावी? मादी पिल्लांवरून उठली, उंच गेली आणि तिथून पडली. तिने घारीच्या पाठीवर असा काही तडाखा मारला की घार, ससाणा आणि पोळ्याचा अर्धा तुकडा, सगळं एकदम कड्यावरून सुटलं. भाऊजींनी त्याच क्षणी बटण दाबलं. तो फोटो आला आणि सुरेख आला. नखं, उघडी चोच, डोळ्याभोवतीचं पिवळं कडं, सगळं त्यात आहे. पण भाऊजींच्या भिंतीवर तो कधी लागला नाही.

उरलेलं पोळं काळं होतं ते अचानक पिवळं दिसायला लागलं. माश्या उठल्या होत्या. आधी नुसता घुमण्याचा आवाज आला. मग सुकऱ्या खालून जिवाच्या आकांताने ओरडला, "वर घ्या! वर घ्या!"

पहिली माशी मला खालच्या ओठावर चावली. दुसरी पापणीवर. आग्या माशीचा डंख ज्याला बसलाय त्यालाच ते कळेल, तापलेली सळई टेकवावी तशी आग होते. मी दोर ओढायला लागलो. दोन हात ओढला असेल. मग त्या दहा-पंधरा एकदम आल्या, कानात शिरल्या, आणि माझ्या हातांनी मला न विचारता दोर सोडला.

हे मी खूप वेळा वेगळं सांगून पाहिलंय. घाम आला, दोर निसटला, पाय घसरला. यातलं काही खरं नाही. मी दोर सोडला आणि पळालो. खाली माझ्या बहिणीचा नवरा होता हे मला पळताना माहीत होतं. तरी पळालो. भुई थोडी झाली. अर्ध्या वाटेवर कातळात पाण्याचं एक टाकं आहे, त्यात उडी मारली आणि नाकापर्यंत बुडून बसलो. वरचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी कान पाण्याखाली घेतले.

वर काय झालं ते सुकऱ्याने मला नंतर सांगितलं. माझा दोर बुंध्यावरून सरसरत धावायला लागला तेव्हा धाकलूने त्यावर पाय दिला. मग वाकून तो आपल्या डाव्या हाताला गुंडाळला. उजव्या हाताशी सुकऱ्या, डाव्या हाताशी भाऊजी. चेहऱ्यावरच्या माश्या झटकायला तिसरा हात नव्हता. सुकऱ्या दोराला धरून माकडासारखा चढून वर आला, तेव्हा धाकलूचं तोंड दिसतच नव्हतं, नुसत्या माश्या. त्या नाकात होत्या, त्या अर्ध्या कानाच्या भोकात होत्या. मांडीतून दोर कापत गेला होता. मग दोघांनी मिळून भाऊजींना ओढलं. भाऊजी वर येईपर्यंत धाकलूने दोर सोडला नाही, आणि आल्यावरही नाही. बोटं आखडली होती, सुकऱ्याला ती एकेक करून उघडावी लागली. दोराला कातडी चिकटून आली.

सुकऱ्याने त्याला विचारलं होतं, "माजा धरलास ते ठीक. तो टोपीवाला तुजा कोन व्हता?" धाकलूची जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. तरी तो बोलला. "त्याची बायकू पन कुनाची तरी बहीन हाय."

तासाभराने मी वर गेलो. भाऊजी घोंगडीत गुंडाळून बसले होते. घोंगडीने अंग वाचलं होतं, पण डोळे सुजून बंद झालेले. माझी चाहूल लागताच त्यांनी हात पुढे केला. "कोण? अनंता?"

"हो."

त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि रडायला लागले. "एकदा घसरला रे दोर, हातभर खाली गेलो. वाटलं, संपलं. मग तू धरलास. पठ्ठ्या, सोडला नाहीस."

सुकऱ्या समोरच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बाजूला थुंकला. धाकलू झाडाखाली पडला होता. त्याची छाती वरखाली होत होती, घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी म्हणायला हवं होतं, भाऊजी, मी नव्हतो. दोनच शब्द होते. मी म्हणालो, "चला, उन्हात बसू नका."

वाडीवरच्या लोकांनी धाकलूला झोळी करून खाली नेलं. भाऊजींना बैलगाडीत घालून मी अंबरनाथला आणलं. वाटेत जो भेटेल त्याला ते सांगत होते, माझ्या मेहुण्याने मला वाचवलं. दारात ताईलाही तेच सांगितलं. ताईने भर रस्त्यात माझ्या पायांना हात लावला. थोरली बहीण माझी, दहा वर्षांनी मोठी.

डॉक्टर भाऊजींना बघून गेल्यावर तिने मला माजघरात बोलावलं. हळद, खोबरेल तेल आणि चिमटा घेऊन बसली. डंख काढायला लागली. दोन पुढे होते, ओठाचा आणि पापणीचा. बाकीचे सगळे मानेवर, पाठीवर. ती एकेक उपटत होती, ताटलीत टाकत होती. सदऱ्याला शेवाळ कसं म्हणून तिने विचारलं नाही. मग म्हणाली, "हात दाखव. दोराने सोलपटले असतील."

मी हात पुढे केले नाहीत. तिनेच ते ओढून घेतले आणि उलटे केले. माझे तळवे शाळेत जाताना असतात तसे होते. उजव्या अंगठ्यावर खडूची जुनी भेग, बस्स.

तिने ते सोडून दिले. मग तेलाची वाटी उचलून आत गेली. मला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मला त्या वाडीवर ने." भाऊजींचा एक डोळा किलकिला उघडत होता, तेही निघाले. आम्ही पोचलो तेव्हा धाकलू पहाटेच गेला होता. अंगणात कांबळ्यावर त्याला ठेवलं होतं. तोंड ओळखू येत नव्हतं. तळहातांना कुणीतरी हळद भरली होती, पण खालचं लाल मांस दिसत होतं. येसू त्याच्या पायाशी बसली होती, आणि तिच्यामागे सुकऱ्या, मान खाली घालून. त्याने वाडीत कुणालाच काही सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं ते मी आजवर त्याला विचारलेलं नाही.

ताई धाकलूच्या उशाशी जाऊन बसली. जिवली म्हातारीने तिच्याकडे बघितलं, मग भाऊजींकडे बघितलं. म्हातारीच्या मनात काही नव्हतं, ती वाडीच्या रीतीप्रमाणे विचारत होती. "बाय, तुज्या मालकाचा दोर कोनी धरला व्हता?"

भाऊजी पुढे झाले. "आमच्या या अनंताने, आजी—"

ताईने हात वर करून त्यांना थांबवलं. तोच हात तिने धाकलूच्या सुजलेल्या कपाळावर ठेवला.

"माझ्या भावाने धरला," ती म्हणाली. "हा बघा."

भाऊजी वळले आणि त्या किलकिल्या डोळ्याने माझ्याकडे बघू लागले. सगळी वाडी बघू लागली. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले.